गोळा आणि घुगऱ्या

पोलीस भरतीत मुलींना 800 मीटर आणि 100 मीटर धावायचं, वर चार किलोचा गोळा फेकायचा. मैदानाचे गुण 50. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक 12 आहे, त्यामुळं वर्दी इथल्या पोरांच्या डोळ्यांसमोर लहानपणापासूनच असते. मीही सेनगाव तालुक्यातल्या गावाहून येऊन इथं खोली केली.

धावून दम वाढला, पण गोळा काही पुढं सरकेना. भरून आलेले पाय दुसऱ्या दिवशीही मोकळे होत नव्हते. मैदानावर कुणीतरी म्हणालं, प्रोटीनचा डबा घे. डबा दोन-अडीच हजारांचा. तेवढ्यात माझं खोलीभाडं निघतं.

मग वही काढली. राष्ट्रीय पोषण संस्था साधारण माणसाला वजनाच्या दर किलोमागं रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं सांगते. माझं वजन 52, म्हणजे 43 ग्रॅम. सरावाला जास्त लागणार, म्हणून साठ धरले. दिवसाच्या चार भाकरींचे चोवीसेक, 50 ग्रॅम डाळीचे 11, तेवढ्याच हरभऱ्यांचे 10, मूठभर शेंगदाण्यांचे 7, पाव लिटर दुधाचे 8. झाले की साठ! खोलीवर आजवर भाकरी आणि ठेचाच चालायचा, नडत होतं ते तिथं. ज्वारीत लायसिन कमी असतं, ते डाळ भरून काढते. वजन उतरवायला भाकरीच सोडणाऱ्या मैत्रिणीला मात्र मी रागावले. पोट अर्धं राहिलं की शरीर प्रथिनंच सरपणासारखी जाळतं.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्या शेतात सगळं सोयाबीन. डाळीच्या दीडपटीहून जास्त प्रथिनं असलेलं हे पीक मळणी झाली की थेट मोंढ्यात. त्याचं तेल निघतं नि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. या खेपेला बाबांना सांगून थोडं घरी ठेवलं. कच्चं पचत नाही, म्हणून खरपूस भाजून दळणात घातलं. भाकरी जरा चिरते, पण खपते.

सकाळी पळून आल्यावर घुगऱ्या, रात्री वरण, आठवड्यातून एक दिवस पूर्ण आराम. हळूहळू पाय हलके झाले, गोळाही पुढं पडायला लागला.

अंड्याचं तेवढं जमलं नाही. आज्जी माळकरी, नर्सीची वारी न चुकवणारी. घरी विषय काढला तर म्हणाली, "भरती झालीस की तिकडं काय खाशील ते खा. मला सांगू नको म्हंजे झालं."