आधी हात आवरायचा

घाबरलेला बॉल पायथन सहसा पळत नाही, चावायलाही येत नाही. डोके मध्ये घेऊन तो अंगाचा घट्ट गोळा करतो आणि तसाच पडून राहतो. नवखा माणूस ते पाहून म्हणतो, किती गरीब आहे हा! आणि त्याला पुन्हा उचलून घेतो. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ या गैरसमजात आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा छोटा अजगर ब्रिटन-अमेरिकेत फार लोक पाळतात. तिथल्या एखाद्या मराठी घरात मुलाने हट्ट धरला, तर बहुतेक ठिकाणी कायद्याची आडकाठी नसते. (आपल्याकडची धामण किंवा अजगर घरात ठेवणे मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा.) माझे म्हणणे एवढेच, की नव्या सापाची पहिल्या काही आठवड्यांतली जवळजवळ सगळी देखभाल त्याला हात न लावता करायची असते. ते जमणे हेच या कामातले खरे कसब.

रानात हा साप दिवसाचा बराच वेळ उंदीर-घुशींच्या बिळांत आणि वारुळांत काढतो. म्हणून पेटीत त्याला अंग चोरून बसता येईल अशी दडण लागते, आणि ती एक नव्हे, दोन. एक उबदार बाजूला, जिथे ३१-३२ अंश सेल्सिअस असते. दुसरी थंड बाजूला, २५ ते २७ अंशांत. एकच दडण असेल तर सापाला ऊब आणि आडोसा यांतून एक निवडावे लागते. भ्यालेला साप आडोसा निवडतो आणि गारठ्यात बसून राहतो. बाहेरची उष्णता नसेल तर त्याचे पचन चालत नाही. पचनाचे हे काम केवढे मोठे असते! बर्मी अजगराने भक्ष्य गिळल्यावर दोनच दिवसांत त्याच्या हृदयाचे वस्तुमान सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्याचे २००५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. असे सगळे शरीर कामाला लागलेले असताना कोणी उचलून कौतुक केले, किंवा पेटी गार पडली, तर साप गिळलेला उंदीर ओकून टाकतो, आणि त्यातून सावरायला त्याला आठवडे लागतात. खाल्ल्यानंतर निदान ४८ तास हात लावायचा नाही, तो यासाठी. पेटीला ऊब देणाऱ्या पॅडला थर्मोस्टॅट हवाच. पोट भाजत असतानाही साप कित्येकदा तिथून हलत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हाताळले नाही तर तो माणसाळणार कसा? साप हाताला सरावतो हे खरे. पण सराव म्हणजे या वासापासून, या स्पर्शापासून धोका नाही हे कळणे, आणि ते सुरक्षित वाटू लागल्यावरच कळते. लागोपाठ तीन-चार वेळा त्याने नीट खाल्ले की मग काही मिनिटे, बाजूने हात नेऊन, अंगाच्या मध्यावर आधार देऊन उचलावे. वरून झडप घालतो तो शिकारी. दुसरा आक्षेप काळजीपोटी येतो: खातच नाही, उपाशी मरेल! धडधाकट मोठा बॉल पायथन महिनोन्महिने न खाता राहू शकतो. रोज रात्री चिमट्याने उंदीर पुढे नाचवल्याने त्याची भीती तेवढी वाढते. आठवड्यातून एकदा द्यावा, नाकारला तर काढून घ्यावा, आणि वजनाची नोंद ठेवावी. पिल्लाला मात्र एवढी सवड नसते. वजन सतत उतरू लागले, पाठीचा कणा वर दिसू लागला, श्वासाला घरघर आली किंवा तोंडाशी बुडबुडे दिसले, तर वाट पाहणे हा हलगर्जीपणा ठरेल. सरपटणारे प्राणी जाणणाऱ्या पशुवैद्याकडेच जावे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. हात लावायचा नाही तर आजार कळणार कसा? म्हणून घरी आणल्या दिवशी पेटीत सोडतानाच एकदा नीट पाहून घ्यावे: खवल्यांच्या फटींत आणि डोळ्यांभोवती बारीक काळे किडे, नाकपुड्या, गुदद्वार. नंतर पेटीच्या तळाला भुसा न घालता पांढरे टिपकागद अंथरावेत. विष्ठा, रक्ताचा डाग, चालता किडा, सगळे त्यावर लगेच दिसते आणि दडणीला धक्काही लागत नाही. घरात आधीचा साप असेल तर दोघांच्या खोल्या दोन-तीन महिने वेगळ्या असाव्यात, चिमटेही वेगळे, आणि नव्याची पेटी नेहमी नंतर उघडावी.