एकाच भोकातून गेलेल्या दोन तारा

झाशीच्या जुन्या तटाला दहा दरवाजे आणि चार लहान खिडक्या. त्यांतला लक्ष्मी तलाव आणि महालक्ष्मीच्या देवळाकडे उघडणारा तो लक्ष्मी दरवाजा. गावात मात्र सगळे त्याला लक्ष्मी गेटच म्हणतात. या गेटापासून थोड्या अंतरावर एका मराठी कुटुंबाचे दुमजली घर आहे. घराचे मालक निवृत्त शिक्षक. इंटर कॉलेजात त्यांनी तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले, म्हणून मोहल्ल्यात ते ‘मास्साब’ आणि घरात ‘आजोबा’.

घराच्या तळमजल्यावर एका गादी-रजईवाल्याचे गोदाम आहे. गोदाम आणि जिना यांच्यामध्ये दीड हात जाडीची, विटा आणि चुन्याची भिंत. या भिंतीला छताजवळ मूठभर आकाराचे एक भोक आहे आणि घरातली सगळी वीज त्या भोकातून वर जाते. मीटरची मुख्य तार त्यातूनच, एसीची त्यातूनच, आणि इन्व्हर्टरची तारसुद्धा त्यातूनच. इन्व्हर्टर हौसेने बसवलेला नाही. आजींना रात्री ऑक्सिजन काँसन्ट्रेटर लावावा लागतो. उन्हाळ्यात वीज गेली की ते यंत्र इन्व्हर्टरवर चालते. यंत्र बंद पडू नये म्हणून मास्तरांनी बॅटरी मोठी घेतली, तिच्यातले पाणी ते दर महिन्याला स्वतः पाहतात. एकंदरीत आपण पुरेशी काळजी घेतली आहे, असे त्यांचे मत होते.

यंदा होळीच्या आधी त्या भोकातून उंदीर येऊ लागले. वायरमनने डब्यातला पिवळा फोम फवारला. फोम फुगला, भोक भरले. ‘‘लो मास्साब, अब हवा भी नहीं जाएगी,’’ असे म्हणून तो गेला. मास्तर पडले भौतिकशास्त्राचे. हवा जात नाही हे सांगून त्यांना पटणार नव्हते. त्यांनी देवघरातून उदबत्ती आणि काडेपेटी आणली. धूर भोकाकडे ओढला जातो की नाही हे पाहायचे, इतकाच बेत. सुट्टीत घरी आलेली, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली नात जिन्यावरून उतरत होती. तिने आजोबांचा हात धरला.

‘‘आजोबा, उदबत्ती नको. अगदी याच प्रकारे एक अणुवीज केंद्र पेटले होते.’’

नातीचे बोलणे अतिशयोक्तीचे नव्हते. २२ मार्च १९७५ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात ब्राउन्स फेरी येथील केंद्रात नियंत्रण कक्षाखालच्या केबलच्या खोलीत काही कामगार भिंतीतल्या फटी तपासत होते. केबल जिथून भिंत ओलांडत होत्या, ती भोके पॉलियुरेथेनच्या फोमने बुजवली होती. हवा गळते आहे का हे पाहण्यासाठी त्यांनी पेटती मेणबत्ती जवळ धरली. हवेच्या ओढीने ज्योत आत खेचली गेली आणि फोमने पेट घेतला. आग सुमारे साडेसात तास चालली. सोळाशेहून अधिक केबल निकामी झाल्या, त्यांतल्या सहाशेहून अधिक सुरक्षेशी संबंधित होत्या. पहिल्या अणुभट्टीच्या गाभ्याला आणीबाणीत थंड करणाऱ्या यंत्रणा हातातून गेल्या. तंत्रज्ञांनी मिळेल त्या पंपाने पाणी देऊन वेळ निभावून नेली. भोक बुजवण्यासाठी वापरलेला पदार्थच इंधन ठरला होता.

या आगीनंतर अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने १९८० मध्ये सक्त नियम केला. अणुभट्टी सुरक्षितपणे बंद करण्याच्या दोन पर्यायी यंत्रणांच्या केबल एकाच आगीत सापडता कामा नयेत. त्यासाठी मध्ये तीन तास टिकणारा अडसर हवा. किंवा आग ओळखणारी व आपोआप विझवणारी साधने असतील तर एक तासाचा अडसर हवा. किंवा तशी साधने ठेवून वीस फुटांचे अंतर हवे, आणि त्या अंतरात जळण्याजोगे काहीही नको. ‘तीन तास’ ही नुसती बोलण्याची गोष्ट नाही. चाचणीच्या भट्टीत तापमान ठरलेल्या वक्राने चढवतात: पाच मिनिटांत ५३८ अंश सेल्सिअस, तासाभरात ९२७, तीन तासांनी १०५२. एवढे होऊन पलीकडच्या बाजूचे सरासरी तापमान १३९ अंशांपेक्षा जास्त वाढले नाही, तरच अडसर उत्तीर्ण.

नात हे सांगत असताना मास्तरांना दुसरी एक आग आठवत होती. ती त्यांच्याच राज्यातली होती, आणि तिच्याविषयी त्यांनी वर्गात एक अपुरे उत्तर दिले होते.

बुलंदशहर जिल्ह्यात गंगेच्या काठी नरोरा अणुवीज केंद्र आहे. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे साडेतीनच्या सुमारास पहिला संच १८५ मेगावॉट वीज देत होता. टर्बाइनच्या कमी दाबाच्या भागातील शेवटच्या रांगेतली दोन पाती थकव्याने तुटली. प्रचंड वेगाने फिरणाऱ्या चक्राचा तोल गेला, यंत्र हादरू लागले, जनित्राला थंड ठेवणारा हायड्रोजन गळून पेटला आणि वंगणाच्या तेलाने ती आग वाढवली. इथपर्यंतची दुर्घटना टर्बाइनच्या इमारतीची होती. अणुभट्टी दुसऱ्या इमारतीत शाबूत होती, आणि तंत्रज्ञांनी ती ३९ सेकंदांत बंदही केली.

पुढची गोष्ट केबलची आहे. आग केबलवरून धावली. केंद्रात विजेचे एकाहून अधिक पर्याय होते: बाहेरच्या जाळ्याची वीज, डिझेलवरची जनित्रे, बॅटऱ्या. परंतु या वेगवेगळ्या पुरवठ्यांच्या केबल एकाच मार्गाने नेलेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये आगीला थोपवील असा अडसर नव्हता. वीज निर्माण करण्याची सोय होती, ती पोहोचवण्याची वाट जळून गेली. सात-आठ मिनिटांत संचाचा सगळा वीजपुरवठा खंडित झाला. नियंत्रण कक्षात धूर शिरला आणि तो सोडून जाणे भाग पडले. पंप बंद, मापके बंद, दिवे बंद. ही अवस्था सतरा तास राहिली.

त्या अंधारात माणसांनी काय केले, हे शाळेच्या पुस्तकात असायला हवे. काही जण हातात विजेऱ्या घेऊन अणुभट्टीच्या इमारतीत वर चढले आणि त्यांनी हाताने झडपा उघडून बोरॉनचे द्रावण गुरुत्वाकर्षणाने गाभ्यात सोडले, म्हणजे भट्टी पुन्हा चालू होण्याची शक्यताच उरू नये. डिझेलवर चालणारे अग्निशमनाचे पंप सुरू करून त्यांचे पाणी बाष्पजनकांत दिले. गाभ्यातले जड पाणी पंपाशिवाय, गरम वर आणि थंड खाली या नैसर्गिक अभिसरणाने फिरत राहिले. आग सुमारे दीड तासात आटोक्यात आली. किरणोत्सार बाहेर पडला नाही. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर या घटनेची तिसऱ्या पातळीवर नोंद झाली.

त्या आठवड्यात बारावीच्या वर्गात एका मुलाने विचारले होते, ‘‘मास्साब, भट्टी फटू शकली असती का?’’ मास्तरांनी फळ्यावर विखंडनाची साखळी काढून दाखवली आणि सांगितले, भट्टी लगेच बंद केली, साखळी तुटली, मग भीती कसली? वर्ग समाधानी झाला. उत्तराचा पहिला भाग बरोबर होता. पण साखळी तुटली तरी विखंडनातून उरलेली मूलद्रव्ये तापत राहतात; बंद केल्याच्या क्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते आणि तासाभरानंतरही टक्का-दीड टक्का उरते. अणुभट्टीच्या हिशेबात एक टक्का म्हणजे कित्येक मेगावॉट. ती उष्णता काढायला पाणी हवे, पाणी फिरवायला सहसा वीज हवी, आणि वीज त्या एकाच वाटेने येत होती. ‘पर्याय इतके असताना सगळेच एकदम कसे गेले?’ हा प्रश्न वर्गात कोणी विचारला नाही, मास्तरांनीही विचारला नाही. तो विचारायला त्यांना स्वतःच्या जिन्यातले भोक पाहावे लागले. इन्व्हर्टरची तार आणि मुख्य तार तिथे एकमेकींना खेटून, ज्वलनशील फोममध्ये बुडून, कापसाच्या गाद्यांच्या डोक्यावर होत्या.

अडसर बसवला की प्रश्न मिटतो, असे मानायलाही जागा नाही. या विषयातला खरा बोध त्यापुढचा आहे. अमेरिकेत नियमाप्रमाणे केबलभोवती जी आवरणे चढवली, त्यांत थर्मो-लॅग नावाचा पदार्थ सत्तरहून अधिक अणुभट्ट्यांत वापरला गेला. कागदोपत्री तो एक तास आणि तीन तास टिकत होता. १९९२ मध्ये नव्याने केलेल्या चाचण्यांत त्याचे सांधे उघडले, आवरण वेळेआधीच हरले, आणि तो पदार्थ स्वतःच जळतो हेही स्पष्ट झाले. जुन्या चाचण्या अपुऱ्या होत्या. शिवाय चाचणीत जसे बसवले होते तसेच ते प्रत्यक्ष केंद्रात बसवलेले नव्हते. पुढे २००५ मध्ये हेमिक नावाच्या दुसऱ्या आवरणाचीही हीच गत झाली. आत सिरॅमिक तंतूंची गादी आणि बाहेर कापड अशी त्याची रचना. उष्णतेने कापड आकसले आणि जोडाजवळ फट पडली. गादी उत्तम होती, शिवण हरली.

असे आवरण बदलणे हे भिंतीचा रंग बदलण्याइतके सोपे नसते. केबल चालू असतात, जागा अरुंद असते, आणि एका ट्रेच्या वळणावर बसणारे आवरण दुसऱ्या वळणावर बसतेच असे नाही. त्यात एक भौतिकशास्त्रीय पेच आहे, जो मास्तरांना विशेष आवडला: जे आवरण बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, ते केबलची स्वतःची उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. म्हणून गुंडाळलेल्या केबलमधून वाहणारा प्रवाह कमी ठेवावा लागतो. किती कमी, हा थर्मो-लॅगचा आकडाही पुढे शंकास्पद ठरला. पर्यायी व्यवस्था होईपर्यंत माणसे नेमली गेली. ठरावीक वेळाने त्या खोल्यांत फेरी मारायची, धूर दिसतो का पाहायचे आणि नोंदवहीत सही करायची. तीन तासांच्या अडसराची जागा एका पहारेकऱ्याच्या डोळ्यांनी घेतली, आणि हे तात्पुरते काम काही केंद्रांत वर्षानुवर्षे चालले.

भारतात नरोरानंतर अणुऊर्जा नियामक मंडळाने केंद्रांची तपासणी करून केबल वेगळ्या करण्याकडे आणि त्यांच्यामधल्या अडसरांकडे लक्ष वळवले. अणुकेंद्रांच्या अग्निसंरक्षणाचे मानक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रातल्या तारापूरचे पहिले दोन संच १९६९ चे, म्हणजे ब्राउन्स फेरीच्या धड्याआधीचे. २००५-०६ मध्ये ते बंद ठेवून दोन्ही संचांच्या सामाईक यंत्रणा वेगळ्या केल्या गेल्या, आणीबाणीचा वीजपुरवठा नव्याने उभारला गेला, अग्निसंरक्षण सुधारले आणि पर्यायी नियंत्रण कक्ष बांधला गेला. वृत्तपत्रांत अशा कामांना दोन ओळी मिळतात. ‘अमुक इतके मेगावॉट वाढले’ अशी बातमी होते, ‘दोन तारा वेगळ्या केल्या’ अशी होत नाही.

लक्ष्मी गेटच्या घरात काम लहान होते. दुसऱ्या दिवशी गच्चीवर, वाळूच्या घमेल्यात, मास्तरांनी चिमट्याने धरलेला फोमचा तुकडा काडीने पेटवला. तो काळा धूर सोडत, बघता बघता संपला. मग सुरीने भोकातला फोम खरवडून काढला. नातीने आग लागल्यावर फुगून भोक बंद करणारा सीलंट मागवला. त्याच्या माहितीपत्रकात भिंतीची जाडी, भोकाचा आकार आणि किती तारा असाव्यात, हे सगळे दिलेले होते. यांच्या भोकात तारा त्याहून दाट होत्या. म्हणजे त्यावर छापलेले तास या भोकाला लागू नव्हते. मास्तरांनी ही गोष्ट ताबडतोब मान्य केली आणि एसीची तार तिथून काढायला लावली.

इन्व्हर्टरची तार वायरमनने घराच्या मागच्या बाजूने, गच्चीवरून, वेगळ्या नळीतून नेली. त्याचे म्हणणे होते की चौदा मीटर तार फुकट जाते आहे. ‘‘रोशनी तो वही आएगी, मास्साब.’’ मास्तरांनी त्याला नरोराची गोष्ट सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि तारेचे पैसे वेगळे लावले.

भोक बंद झाल्यावर मास्तरांनी त्याच्याखाली भिंतीवर पेन्सिलीने पदार्थाचे नाव, तारीख आणि ‘नवी तार घालण्यापूर्वी सांगावे’ असे हिंदीत लिहिले. रात्री मुख्य स्विच बंद करून पाहिला. वर काँसन्ट्रेटरचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. आजींची झोप मोडली नाही.

आठवड्याने लग्नसराईचा माल आला. गोदामात गाद्यांची थप्पी छतापर्यंत गेली आणि पेन्सिलीने लिहिलेले तिच्यामागे झाकले गेले. मास्तर आता दर रविवारी खाली उतरतात आणि रजईवाल्याला वरच्या दोन गाद्या हलवायला सांगतात. तो हलवतो, सोमवारी त्या पुन्हा तिथेच असतात.