विहिरीवरचं इंजिन

शिरूर तालुक्यातल्या निमोण्यापासून घोड नदीच्या काठाने जुन्या विहिरी पाहत निघालं, की मोटेच्या थारोळ्याशेजारी एखाद्या चौथऱ्यावर ते अजून बसलेलं भेटतं. वेडी बाभूळ अंगावर आलेली, धुराडं वाकलेलं, पट्टा कधीच गेलेला, पितळेचे भाग त्याच्याही आधी. दोन बाजूंची दोन जड चाकं मात्र जागची हललेली नाहीत. त्यांना हलवायचं तर चार गडी लागतात, म्हणूनच ती उरली.

स्वभावाने इंजिन मानी. बटण दाबून उठणं त्याला ठाऊक नव्हतं. आधी पंपात पाणी भरायचं, मग वरची कळ उचलून हँडल मारायचं, चाकांनी वेग धरला की कळ सोडायची. हात हलका पडला तर एक उसासा टाकून पुन्हा गप्प. त्याच्या पोटात ठिणगीची सोयच नाही. हवा इतकी दाबायची की ती तापून तेल आपोआप पेटावं, ही रुडॉल्फ डिझेलची युक्ती. त्याचं पहिलं यशस्वी इंजिन १८९७चं. इंधनाचं त्याला सोवळं नव्हतं. कोळशाच्या भुकटीवरही त्याने प्रयोग केले, आणि १९००च्या पॅरिस प्रदर्शनात असं एक इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं.

आपल्याकडे खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या धाटणीची संथ इंजिनंही गावोगाव पोचली. सहा हॉर्सपॉवरचं लिस्टर मिनिटाला ६५० फेरे घेई आणि दर दोन फेऱ्यांना एकदा पेटे, म्हणजे मिनिटाला सव्वातीनशे ठोके. हे ठोके लांबच्या वाफ्यात दारं धरणाऱ्यालाही ऐकू जात. ठोका जड झाला तर ओझं वाढलं, एकदम हलका झाला तर पंपाने हवा धरली. धूर काळा आला तर तेल पुरतं जळत नाही, निळा आला तर वंगण जळतंय. कुठलाही काटा नसताना आपली तब्येत ते अशी सांगत असे, आणि अक्षरओळख नसलेला गडीसुद्धा ती बरोबर ओळखत असे.

मग खांब आले, मोटारी बसल्या. मोटार गुणी, लाईट आली की चालते, गेली की थांबते, आणि मालक झोपलेला असला तरी तिचं अडत नाही. इंजिनाला माणूस जवळ लागायचा. हा त्याचा दोष होता, आणि त्याचं थोरपणही त्यातच होतं.

याच शिरूर तालुक्यात, घोडकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८पासून उत्खनन केलं. तीन हजार वर्षांमागच्या शेतकऱ्यांनी पुराचं पाणी वळवायला खोदलेला पाट तिथे सापडला. त्याची मापं घेतली गेली, फोटो निघाले, अहवाल झाला. आजोबांच्या हयातीत शेत भिजवणाऱ्या इंजिनाच्या वाट्याला मात्र भंगारवाल्याचा काटा येतो.

म्हणून कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांना सांगणं एवढंच. मालकाला विचारून जा, कठडा नसलेल्या विहिरीपासून जपून राहा. गंजाचे रंग सकाळच्या तिरप्या उन्हात छान येतात, ते घ्याच. पण तेवढ्यावर परतू नका. कंपनीची पाटी पुसून तिच्यावरचा नंबर टिपा. हाताने गुळगुळीत झालेली हँडलची मूठ, तुटल्या जागी बांधलेली तार, टोपणाऐवजी ठोकलेलं लाकूड यांचे जवळून फोटो घ्या. कारखान्यातून निघालेलं इंजिन इथलं झालं ते या खुणांनी. आणि ते चालवणारा म्हातारा अजून गावात असेल, तर आधी त्याच्याकडे जा. इंजिन चौथऱ्यावर आणखी काही वर्षं थांबेल. ते सुरू कसं करायचं, हे सांगणारा थांबेलच असं नाही.