पाम बीच मार्ग : जमिनीपासून हातभर उंचीवरून

वाशीहून बेलापूरकडे जाणारा पाम बीच मार्ग नवी मुंबईकरांना मोटारीच्या काचेतून ठाऊक आहे. सुमारे १० किलोमीटरचे हे अंतर मोटार बोलता बोलता कापते. उजव्या हाताला खारफुटीची हिरवी रेघ, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत खाडीत उतरणारे रोहित पक्षी, डावीकडे सानपाडा-नेरूळच्या उंच इमारती. हाच मार्ग हँडसायकलवर, पाठीवर रेलून, जमिनीपासून हातभर उंचीवरून पाहिला तर निराळाच भासतो. खाडी दिसत नाही, तिचा खारट, चिखलट वास येतो. डांबराचा प्रत्येक सांधा पाठीला कळतो. आकाश मात्र मोटारीतल्या माणसाला कधीच मिळत नाही एवढे मिळते.

हाताने चालवायची तीनचाकी जैन कुटुंबांना अपरिचित नाही. १९७५ साली जयपूरला स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने जयपूर फूटबरोबर अशा सायकलीही गरजूंना दिल्या. शिबिरांना हातभार लावणारी व्यापारी घराणी गावोगावी आहेत. त्या तीनचाकीवर माणूस ताठ बसतो, समोरचा दांडा फिरवतो आणि शाळेत, बाजारात, दुकानावर पोहोचतो. खेळाच्या हँडसायकलीवरचा माणूस वाशीहून निघून पुन्हा वाशीलाच येतो आणि तेवढ्यासाठी घाम गाळतो. शिबिरात सायकल देणाऱ्याच्या मनात बहुधा पहिला प्रवास असतो. दुसराही कोणाला हवासा वाटेल हे सहसा ध्यानात येत नाही.

हिची रचना साधी आहे. मागे दोन चाके, पुढे एक. साखळी बहुधा पुढचेच चाक ओढते. पायाच्या सायकलीत एक पेडल वर तर दुसरे खाली असते. येथे दोन्ही मुठी एकाच वेळी पुढे जातात आणि एकाच वेळी मागे येतात. ब्रेक आणि गिअर हाताशीच, वळवायचे तेही त्याच हातांनी. दंडाचे स्नायू मांडीच्या स्नायूंपुढे लहान, म्हणून हलक्या गिअरवर भरभर फिरवणे हा पहिला धडा. नवशिका जोर लावतो आणि सानपाड्याच्या मोराज सर्कलपाशीच थकतो.

खरी काळजी खांद्याची. मेरुरज्जूला इजा झालेल्या माणसाचे पाय म्हणजे त्याचे खांदेच. पलंगावरून व्हीलचेअरवर, व्हीलचेअरवरून मोटारीत तो त्यांच्याच बळावर जातो. धावणाऱ्याचा गुडघा दुखावला तर तो आठवडाभर घरी बसेल. याचा खांदा दुखावला तर घरातल्या घरात हलणेही दुसऱ्यावर येते. म्हणून अंतर हळूहळू वाढवायचे, पाठीच्या वरच्या स्नायूंचा व्यायाम वेगळा करायचा, विश्रांतीचा दिवस मोडायचा नाही. हिशेबाच्या वहीसारखी ही शिस्त असते. एका दिवसाची उधळपट्टी पुढे महिनाभर फेडावी लागते.

दुसरी अडचण नवी मुंबईच्या हवेची. इजा मानेजवळ किंवा छातीच्या वरच्या भागात असेल तर तिच्या खालच्या अंगाला नीट घाम येत नाही, शरीर आतल्या आत तापते. ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात पहाटेच निघावे लागते. पिण्याच्या पाण्याबरोबर अंगावर फवारायचे पाणीही घ्यावे लागते. घरी परतल्यावर आधी त्वचा तपासायची. जिथे संवेदना नाही तिथे बैठकीचा दाब कळत नाही आणि लहानशी लाली पुढे महिनोन्महिने न भरणारी जखम होऊ शकते.

रस्त्यावर सर्वांत मोठी भीती न दिसण्याची. मोटारीच्या बॉनेटपेक्षाही खाली असलेला स्वार चालकाच्या नजरेतून सहज सुटतो. म्हणून मागे उंच काठीवर भडक झेंडा, दिवसाही चालू दिवा आणि शक्यतो मागून सोबत एक मोटार. ही भीती निराधार नाही. इटलीचे आलेक्स झानार्दी यांनी २००१ मध्ये मोटारशर्यतीच्या अपघातात दोन्ही पाय गमावले, पुढे हँडसायकलवर २०१२ च्या लंडन आणि २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये मिळून चार सुवर्णपदके मिळवली. आणि २०२० मध्ये हँडसायकल चालवतानाच ट्रकशी धडक होऊन ते गंभीर जखमी झाले. भारतातही पॅरासायकलिंग रुजू लागले आहे. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये महाराष्ट्राची ज्योती गडेरिया उतरली. तिची सायकल पायाची, पण सरावासाठी निर्धोक रस्ता तिलाही तितकाच लागतो.

भूगोल मात्र अनुकूल आहे. शहराचा खाडीकाठचा बराच भाग भराव घालून उभा राहिला. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवण्यासाठी सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव राखले. नेरूळचे 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' त्यांपैकीच एक. त्यामुळे येथे सपाटी मिळते आणि नवशिक्याला सपाटीच हवी असते. पावसाळ्यात खाडीकडून आडवा वारा सुटतो. उभ्या सायकलस्वाराला तो ढकलतो, हँडसायकलच्या बराचसा डोक्यावरून जातो.

चढ हवा असेल त्याला बेलापूरची पारसिक टेकडी आहे. तेथे सर्वांत हलका गिअरही जड वाटतो. मुठी सोडल्या की सायकल मागे सरकते, म्हणून दम घ्यायलासुद्धा आधी ब्रेक अडकवावा लागतो. सकाळी फिरायला आलेली मंडळी अशा वेळी धक्का द्यायला धावतात. त्यांना हात जोडून नको म्हणावे लागते. उतरताना झेंडा फडफडतो, पुढचे चाक तापते आणि खालच्या वळणावर खाडी प्रथमच दिसते.