एक नाव, दोन मासे

खानदेशचं नाव काढलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला तीन गोष्टी आठवतात : जळगावची केळी, भुसावळचं जंक्शन आणि वैशाखातलं ऊन. तिकडे कुणी सोयरा असला तर वांग्याचं भरीत ही चौथी. पण मासे? "खानदेशात मासे धरायला चाललो," असं मी जाहीर केलं, तेव्हा मारवाडात होडी विकत घ्यायला निघालेल्या माणसाकडे पाहावं, तशा नजरेनं घरच्यांनी माझ्याकडे पाहिलं.

अहो, पण तापीला विसरून कसं चालेल? मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे धावणारी ही नदी जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतून जाते. भुसावळच्या पूर्वेला चांगदेवपाशी वऱ्हाडातून आलेली पूर्णा तिला मिळते. खाली मुडावदला धुळ्याहून आलेली पांझरा मिळते.

या पाण्यात दोन मासे असे आहेत, की त्यांची एकमेकांशी गाठ पडणं कठीण. पहिला मरळ. उन्हाळ्यात पांझरेसारख्या नदीची धार आटते, डबकी उरतात, पण मरळ तगून राहते. कल्ल्यांखेरीज तिच्या डोक्यात हवा घेण्याची वेगळी सोय असते. मधून मधून वर येऊन ती हवेचा घोट घेते. म्हणून तर बाजारात ती जिवंत विकायला येते. तिचं घर उथळात, पाणगवताच्या आडोशाला. दुसरा शिंगाळा. अंगावर खवला नाही, तोंडाला लांब मिशा आणि परांत करवतीसारखे दात असलेले काटे. हा राहणार डोहाच्या तळाशी. अमेरिकेतले हौशी लोक बासही धरतात आणि कॅटफिशही. आपल्याकडे बासच्या जागी मरळ समजा. कॅटफिशच्या कुळातला शिंगाळा आहेच.

हे दोन्ही एका नावेतून मिळतात ते हतनूरला. तापीवरचं हे ४१ दरवाजांचं धरण १९८२ साली पुरं झालं आणि पाणी मागे थेट चांगदेवच्या संगमापर्यंत पसरलं. काठाची शेतं बुडाली, तिथं कंबरभर पाणी आणि गवत. मधोमध नदीचं जुनं पात्र, तिथं खोल डोह. वर उथळ, आत खोल, अशी दोन पाणी एका जलाशयात नांदू लागली.

आश्विन सरत आला होता. धरण काठोकाठ भरलं होतं आणि उत्तरेकडून आलेली बदकं पाण्यावर उतरू लागली होती. आमचे नावाडी साठीतले भोई; सगळे त्यांना आबा म्हणत. ज्यांच्याकडे मासेमारीचा ठेका होता, त्यांची रीतसर परवानगी काढूनच आम्ही निघालो. इकडच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो, जळगावचं जयगाव होतं. आबा गळाला छोटा मासा लावत म्हणाले, "भाऊ, मरय डोयानं जेवते आन् मिशीवाला मिशीनं. सकायी मरय, दुपारून मिशीवाला." गढूळ तळाशी डोळ्यांचा काय उपयोग? तिथं मिशांनीच चाचपायचं आणि चव घ्यायची. सारं मत्स्यशास्त्र आबांनी एका ओळीत उरकलं!

गवताच्या कडेला एके ठिकाणी पाण्यावर तांबूस डाग हलताना दिसला. मी गळ उचलला, तोच आबांनी माझा हात धरला. "तिथं नको भाऊ. पिल्लं हायेत." उशिराची वीण होती. मरळीची पिल्लं असा थवा करून वर राहतात आणि आईबाप खाली पहारा देतात. जवळ येईल त्याच्यावर ते तुटून पडतात, म्हणून तेव्हा गळाला चटकन लागतात. पण राखणदार गेला की थवाही इतर माशांच्या पोटात जातो. आबांनी वल्हं फिरवून नाव लांबून नेली. पुढे अर्ध्या मैलावर दीड किलोची मरळ मिळाली. हंड्यातल्या पाण्यात ती फणफणत राहिली.

दुपारी मध्यावर आलो. गळाला शिसं आणि गांडुळं लावून तळाशी सोडली. तासाभरानं दोर जड झाला, जणू कुणी खालून पोतं बांधलं होतं. शिंगाळा वर आला, तेव्हा आबांनी आधी फडकं टाकलं. "काटा लागला तर रातभर झोप नाही."

मग त्यांनी नावेतला बांबू पाण्यात उभा केला. तो तळाला टेकला. "पह्यले टेकत नव्हता," ते हळूच म्हणाले. पूर्णा वऱ्हाडची काळी माती घेऊन येते, धरणाशी पाणी थबकतं आणि गाळ खाली बसतो. जुनं पात्र असं भरत चाललं आहे. सगळं पाणी एकसारखं उथळ झालं, की शिंगाळ्याला तळ उरणार नाही. मरळ मात्र गवतात राहील. लोक म्हणतील, धरणात मासे आहेत की! असतीलच. पण एकाच जातीचं पाणी उरेल.

संध्याकाळी हंड्यातली जिवंत मरळ बाजाराला गेली, कारण भाव तिलाच. शिंगाळ्याचा काळ्या मसाल्यातला रस्सा आणि कळण्याची भाकरी आबांच्या घरी झाली. जेवणं आटोपल्यावर त्यांनी बांबू मांडीवर घेतला. त्यावर विळ्याच्या खाचा होत्या : दर दिवाळीला, भरल्या धरणात, त्याच डोहात मोजलेलं पाणी. त्यांनी नवी खाच पाडली. मागल्या खाचेपासून ती चार बोटं खाली होती.