वाक्य पुरं होईपर्यंत

झाशीत उन्हाळ्याच्या रात्री दगड उशिरा निवतात. बंगरा टेकडीवरचा किल्ला दिवसभराचं ऊन मध्यरात्रीपर्यंत अंगाबाहेर टाकत राहतो. गच्चीवर शिंपडलेलं पाणी घटकाभरात उडून जातं, खसाच्या ताट्यांचा ओला वास जिन्यावरून वर येतो, आणि स्टेशनाच्या बाजूनं पंजाब मेलची शिट्टी ऐकू आली की मुंबई उगाचच जवळ वाटू लागते. जुन्या शहरात, गणेश मंदिराच्या मागच्या गल्लीत आमचं घर. आत्या आपल्या मुलीला, आमच्या ताईला, घेऊन माहेरीच राहिली होती. रात्री गच्चीवर अंथरुणं पडली की ताई एखादं वाक्य सुरू करी. आधी खांदा वर जाई, मग मान एका बाजूला ओढली जाई, बोटं हवेत पसरत, ओठांच्या कोपऱ्यात लाळ जमे, आणि एवढ्या सगळ्या खटाटोपातून एक अर्धामुर्धा स्वर बाहेर पडे. तोवर कुणीतरी तिचं वाक्य पुरं करून टाकलेलं असे. पाणी हवंय तिला. झोप आलीय तिला.

एक आजी तेवढी थांबे. जपाच्या माळेतला मणी दोन बोटांत तसाच धरून, नजर ताईच्या ओठांवर ठेवून, ती काही न सुचवता बसून राही. एकदा अशाच एका रात्री बऱ्याच वेळानं ताईचे तीन शब्द पुरे झाले. ‘आजी, सप्तर्षी कलले.’ आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. खरंच कलले होते. शाळेत कधीही न गेलेली, वहीवर कधी रेघ न ओढलेली ती मुलगी रोज रात्री उताणी पडून आकाशाचं फिरणं मोजत होती, आणि हे घरात कुणालाही ठाऊक नव्हतं.

आतमध्ये सगळं होतं.

सेरेब्रल पाल्सी हे नाव आमच्या घरात फार उशिरा आलं. जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच, कधी प्राणवायू कमी पडल्यानं, कधी दिवस भरण्याआधीच जन्म झाल्यानं, कधी कावीळ मेंदूपर्यंत पोचल्यानं, वाढत्या मेंदूचा काही भाग दुखावतो. ती इजा पुढे वाढत नाही, पण पुसलीही जात नाही. स्नायूंना जाणारा निरोप वाटेत अडखळतो. कुणाचे पाय ताठ होऊन एकमेकांवर ओढले जातात, कुणाचं अंग मनाविरुद्ध हलत राहतं. समज मात्र पुष्कळदा शाबूत असते. या अवस्थेचा जन्मवेळच्या अडचणींशी असलेला संबंध १८६१ साली लंडनच्या विल्यम लिटल या शल्यचिकित्सकानं मांडला. लहानपणच्या आजारानं त्याचं स्वतःचं एक पाऊल वाकडं झालं होतं. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. इतरांनी ज्या चालीकडून नजर काढून घेतली असती, तिच्याकडे तो टक लावून पाहत राहिला.

अशीच पाहत राहिलेली एक आई म्हणजे मिठू अलूर. त्यांची मुलगी मालिनी १९६६ साली जन्मली. डॉक्टरांनी आशेचा शब्द दिला नव्हता. पुढे इंग्लंडमध्ये या माउलीनं वेगळंच जग पाहिलं. तिथे अशा मुलांच्या शाळा होत्या, तिथे मालिनी शिकत होती, हसत होती, रागावत होती. कारेल आणि बर्टा बोबाथ या दांपत्यानं लंडनमध्ये रुजवलेली पद्धत तेव्हा सर्वत्र पसरत होती: ताठरलेल्या देहाशी झगडायचं नाही, त्याला नीट धरायचं, नीट बसवायचं, हाताच्या तळव्यानं त्याला पुढची हालचाल सुचवायची. मायदेशी परतल्यावर मात्र या मुलीला घेईल अशी शाळाच नव्हती. १९७२ साली मिठूताईंनी ती स्वतः काढली, कुलाब्यात. अशा मुलांसाठीची ती देशातली पहिली शाळा. बोटांवर मोजता येतील एवढीच मुलं, आणि तिच्याभोवती उभी राहिलेली ‘स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’. नर्गिस दत्त तिच्या पहिल्या आश्रयदात्या. पुढे कोलकाता, दिल्ली, बंगळूर, चेन्नई इथे याच कामाची वेगवेगळी घरं उभी राहिली. मुंबईतली मूळ संस्था आज ‘अडॅप्ट’ या नावानं ओळखली जाते.

कुलाब्याचा उजेड झाशीसारखा कोरडा नाही. समुद्रावरून येताना तो ओला होऊन येतो, भिंतींवर सावकाश पसरतो. त्या उजेडात १९७२ सालची ती सकाळ मी अनेकदा मनात उभी करते. प्रत्येक मुलाच्या मापाची खुर्ची, मान टेकायला उशी, पायाखाली पाट, आणि समोर एक शिक्षिका, जिला कसलीही घाई नाही. आजीचं थांबणं एका गच्चीपुरतं होतं. इथे त्या थांबण्याला वेळापत्रक मिळालं, पगार मिळाला, खोली मिळाली. एका आईच्या मायेतून निघालेली गोष्ट इतरांच्या मुलांसाठी शिस्तीनं, रोज, वर्षानुवर्षं करत राहणं, हेच मला या इतिहासातलं सर्वांत मोठं कर्तृत्व वाटतं.

मुंबईतल्याच एका केंद्रात मी पुढे एक मुलगा पाहिला. खुर्चीला लावलेल्या फळीवर अक्षरांचा तक्ता होता. त्याचा हात अक्षराच्या दिशेनं निघे, भरकटे, परत येई, पुन्हा निघे. शिक्षिका बाजूला बसली होती. तिला शब्द कळून चुकला होता, हे मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं. तरी ती बोलली नाही. शेवटचं अक्षर त्यानंच दाखवलं, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते पाहताना मला झाशीची गच्ची, कललेले सप्तर्षी, आजीच्या बोटांतला मणी, सगळं एकदम आठवलं.

मिठूताईंची ती मुलगी, मालिनी चिब, सेंट झेवियर्समध्ये शिकल्या, लंडनला जाऊन उच्च पदव्या घेऊन आल्या आणि एका करंगळीनं एकेक अक्षर टंकत त्यांनी आपलं आत्मचरित्र लिहिलं. ‘वन लिटल फिंगर’ हे त्याचं नाव. अख्खं पुस्तक एका बोटानं. माझ्या दहाही बोटांना मग कागदावर उतरताना संकोच वाटतो.

मिठूताईंना नंतर शाळेबाहेरची मुलं दिसू लागली. १९७५ साली सुरू झालेल्या अंगणवाडी योजनेत लहानग्यांच्या पोषणाचा, लसीचा, खेळाचा विचार होता, पण प्रत्यक्षात अपंग मूल बाहेरच राहत होतं. आपल्या संशोधन प्रबंधात त्यांनी या मुलांना अदृश्य मुलं म्हटलं. धारावीच्या वस्तीत त्यांची संस्था याच मुलांना शोधत गेली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं सेरेब्रल पाल्सीचा नावानिशी उल्लेख केला. २०१६ च्या कायद्यानं चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. लातूरजवळ हरंगुळला ‘संवेदना’ हे केंद्र याच मुलांसाठी उभं आहे. म्हणजे हे काम महानगराच्या किनाऱ्यावर थांबलं नाही.

पण ताईपर्यंत ते पोचलं नाही. ज्या वर्षी कुलाब्यात शाळा उघडली त्या वर्षी ती शाळेत जाण्याच्याच वयाची होती. पंजाब मेल रोज झाशीहून मुंबईला जात होती, आणि तिच्या दुसऱ्या टोकाशी ताईसारख्यांसाठी कुणी खुर्ची मांडून बसलं आहे ही बातमी त्या गाडीतून आमच्या गल्लीत कधी उतरली नाही. कुणाचा दोष म्हणून मी हे सांगत नाही. हे असं घडलं. ताई गेली तेव्हा तिच्या नावाचा एकही कागद घरात नव्हता, ना दाखला, ना प्रगतिपुस्तक.

आज तसं घडायचं कारण नाही. तान्ह्या बाळानं चार महिने उलटले तरी मान धरली नसेल, मुठी सतत आवळलेल्या असतील, दूध पिताना अंग ताठ होत असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत बसू नका, त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे न्या. आणि तुमच्या गल्लीत असं कुणी मोठं झालेलं असेल तर त्याच्याशेजारी जाऊन बसा. प्रश्न त्याच्या आईला विचारू नका, त्यालाच विचारा, आणि उत्तराचा शेवटचा शब्द त्याचा त्याला म्हणू द्या.