न सांगितलेला किस्सा

यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही गावच्या पानठेल्यावर संध्याकाळी जमलेल्या पुरुषांचं बोलणं ऐकलं, तर त्यात एक गोष्ट हमखास असते: कुठल्या तरी किरकोळ कामात झालेली फजिती. लग्नाच्या बँडमध्ये माणूस कमी पडला म्हणून कुणाला तरी हातात पिपाणी देऊन उभं केलं आणि त्याने वरात संपेपर्यंत नुसते गाल फुगवून रोज वसूल केला. पुण्यात रात्रपाळीचा सुरक्षारक्षक म्हणून लागलेला गडी रिकाम्या इमारतीतल्या लिफ्टला इतका भ्यायला, की सगळी गस्त जिन्याने घातली. जागलीवर बसलेल्याच्या बॅटरीत दोन डोळे चमकले, गावभर वाघ आल्याची आवई उठली आणि उजाडल्यावर बांधाशी शेजाऱ्याचा गोऱ्हा रवंथ करत बसलेला सापडला. तपशील गावागावाला बदलतात, साचा मात्र ठरलेला असतो. या किस्स्यांच्या मुळाशी जवळजवळ नेहमी भीती असते. आपण पकडले जाऊ, हाकलले जाऊ, मरू, निदान हसं तरी होईल, ही ती भीती. पुरुषाला ‘मी भ्यालो होतो’ हे सरळ सांगायची सोय आपल्या समाजाने ठेवलेली नाही, म्हणून तो ते हसवून सांगतो आणि मित्र हसून ऐकून घेतात. पुरुषांच्या मैत्रीतली ही मोठी सोय आहे, आणि तिची मर्यादा आपण अजून नीट ओळखलेली नाही, असं मला वाटतं.

माणसाच्या वयाबरोबर या किस्स्यांचा प्रवास पाहिला की ती मर्यादा दिसू लागते. दहाव्या-बाराव्या वर्षी भीती मित्रांच्या साक्षीने पारखली जाते. विहिरीत पहिली उडी कोणी मारायची, अमावास्येला मसणवटीवरून कोणी जाऊन यायचं, यावर दोस्ती ठरते. विशीत पोरं कामाला लागतात. कुणी लग्नात वाढपी होतो, कुणी जिनिंगमध्ये गाठी उचलतो, कुणी वणीकडे कोळशाच्या ट्रकवर क्लीनर होतो, कुणी उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जातो. ही कामं टिकत नाहीत, पण त्यांच्या गोष्टी जन्मभर पुरतात. पुढे लग्न होतं, सातबाऱ्यावर नाव चढतं, पीककर्जाचं खातं उघडतं, आणि तिथून नव्या गोष्टी यायच्या थांबतात. चाळिशीतल्या चार मित्रांची बैठक ऐका. सांगितले जाणारे बहुतेक किस्से विशीतले असतात. मधल्या वीस वर्षांत त्यांच्या वाट्याला भीती आली नाही, असं कोण म्हणेल? उलट खरी भीती त्याच वीस वर्षांत आली. पण किस्सा होतो तो पार पडलेल्या भीतीचा. जी अजून छातीवर बसलेली आहे, तिच्यावर हसता येत नाही. हसून सांगणं एवढी एकच रीत माहीत असलेल्या माणसाला मग ती सांगताच येत नाही.

राळेगाव आणि पांढरकवडा भागात टी-१ वाघिणीचा वावर होता, त्या काळाकडे या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. जवळपास दोन वर्षांत तेरा माणसांचे बळी त्या भागात गेल्याचं सांगितलं गेलं आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी बोराटीच्या परिसरात तिला ठार करण्यात आलं. तिला मारणं योग्य होतं की नाही, हा वाद वेगळा आणि गंभीर आहे. मला इथे महत्त्वाची वाटते ती त्या दोन वर्षांतली माणसांची वागणूक. एकट्याने शेतात जाणं लोकांनी सोडलं. हातात काठ्या घेऊन, मोठ्याने बोलत, गटागटाने ते वावरात जात आणि अंधार पडायच्या आत परतत. ‘मला भीती वाटते, तू चल सोबत’ हे दांडगट गड्यालाही त्या दिवसांत बिनदिक्कत म्हणता आलं, त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. वाघाची भीती जाहीर होती, सगळ्यांची सारखी होती आणि तिचा दोष कोणाच्या माथी नव्हता. भीती उघड झाली तशी सोबतही मिळाली.

बँकेच्या नोटिशीची भीती अशी जाहीर होत नाही. कृषी केंद्रावरची उधारी, सावकाराकडे ठेवलेला डाग, मुलीचं ठरत आलेलं लग्न, दुबार पेरणीसाठी मागितलेले आणि न मिळालेले पैसे, या सगळ्यात माणसाला स्वतःचा नाकर्तेपणा दिसतो. वाघाला भिणारा शहाणा ठरतो आणि कर्जाला भिणारा नालायक, असा गावाचा अलिखित निवाडा असतो. त्यामुळे पहिल्या भीतीला दहा सोबती मिळाले आणि दुसरीला एकही नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पवनारजवळ पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. महाराष्ट्रातल्या शेतकरी आत्महत्यांच्या चर्चेत पहिलं नाव त्यांचं घेतलं जातं, आणि २०१७ पासून दरवर्षी १९ मार्चला राज्यात अनेकजण त्यांच्या स्मरणार्थ एक दिवस अन्नत्याग करतात. करपे एकलकोंडे नव्हते. गावचे सरपंच राहिलेले, भजनात रमणारे, माणसांत वावरणारे गृहस्थ होते. माणसांच्या गर्दीत असणं आणि आपला भार कोणाला तरी ठाऊक असणं, या दोन गोष्टींत केवढं अंतर असू शकतं, हे मला त्यांच्या मृत्यूतून दिसतं.

२०१७चा पावसाळा संपताना या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याला लागेल इतकी वाढली होती. पाठीवर पंप, हातात नळी, फवारा कंबरेखाली पडण्याऐवजी थेट तोंडासमोर, वारा फिरला की तुषार उलटे डोळ्यांत आणि नाकात, घामाने चिकटलेला सदरा विषाने ओला. अशा ओळीतून चालणाऱ्याला भीती वाटली नसेल? पण ‘मला गरगरतंय, आज नको’ म्हणणाऱ्याचा रोज बुडतो, आणि उद्या त्याला कोणी बोलावेल याचीही खात्री नसते. शेजारच्या ओळीतला सोबती पंप खाली ठेवून ‘तू सावलीत बस’ म्हणाला, तर ती भीती दोघांची होते. त्यासाठी आधी त्याने सोबत्याच्या तोंडाकडे पाहायला हवं.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की हे सगळं मूळ प्रश्नाला बगल देणारं आहे. कापसाला भाव नाही, सिंचन नाही, बोंडअळी येते, विमा वेळेवर मिळत नाही. माणसं त्यामुळे मरतात आणि तुम्ही मैत्रीवर लिहिता! या आक्षेपातला राग रास्त आहे. शेतकऱ्याच्या मृत्यूचं कारण त्याच्या मित्रांच्या उणिवेत शोधणं हा अन्याय होईल, आणि भावाचा प्रश्न समुपदेशनाने सुटत नाही हे ठणकावून सांगायला हवं. पण सारख्याच कर्जाखाली, सारख्याच नापिकीत शेजारी शेजारी हजारो माणसं उभी असतात, आणि त्यांतला प्रत्येकजण उद्याच्या सकाळपर्यंत कसा पोहोचतो, हाही प्रश्न खरा आहे. भाव मिळेल तेव्हा मिळेल. तोपर्यंत माणूस जगला पाहिजे. शिवाय आपली भीती ज्यांनी एकमेकांना सांगितली आहे, अशीच माणसं मोर्चाला एकत्र जातात. आपापल्या घरात लाजून बसलेल्यांची चळवळ होत नाही.

दुसरा आक्षेप बहुतेक पुरुषांच्या मनातला आहे. आम्ही न बोलताच एकमेकांना ओळखतो, मन मोकळं करणं वगैरे शहरी थेरं आमच्यात नकोत, असं ते म्हणतात. पुरुषांची दोस्ती समोरासमोर बसून होत नाही, खांद्याला खांदा लावून काम करताना होते, हे मला मान्य आहे. ऑस्ट्रेलियात म्हाताऱ्या पुरुषांसाठी सुतारकामाच्या सामायिक शेड निघाल्या, त्यामागेही हेच निरीक्षण होतं. पण आपलं जुनं खांद्याला खांदा लावणं मुकं नव्हतं. ज्याच्या दावणीला एकच बैल, तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी सावड करी. दोघांची जोडी दोघांच्या वावरात आळीपाळीने चाले. सावडीतल्या सोबत्याला समोरच्याचं बियाणं किती, कडबा किती, उधारी किती हे न विचारता कळत असे. ट्रॅक्टर तासावर मिळू लागला आणि ही माहिती मैत्रीतून निघून गेली. पोळ्याला आखरावर तोरणाखाली बैल उभे राहिले की गडी झडत्या म्हणतात. सावकार, सरकार, नापिकी, घरची ओढाताण, सगळं यमकात बांधून भर गावासमोर. बोरीअरबच्या शंकर बडे यांनी ‘बॅरिस्टर गुलब्या’ या एकपात्री कार्यक्रमातून वऱ्हाडी माणसाला गावोगाव हसवलं, ते याच मातीतलं हसणं. तेव्हा दुःख बोलून दाखवणं आपल्याकडे बाहेरून आलं, हे म्हणणं टिकत नाही. मुकेपणाच नंतर आला आहे.

बोलल्याने फरक पडतो का, याचाही पुरावा शेजारी आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच प्रशिक्षित लोकांनी घरोघर जाऊन उदासीनतेबद्दल, ताणाबद्दल साध्या भाषेत बोलायचं, ऐकायचं, गरज असेल त्याला डॉक्टरपर्यंत पोचवायचं, एवढंच काम. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचं दिसलं. माणसं तीच होती, वऱ्हाडातलीच होती. त्यांना कोणीतरी विचारलं, एवढा बदल होता. देशात आत्महत्या करणाऱ्या दर दहांत सातांहून अधिक पुरुष असतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची २०२२ची आकडेवारी सांगते. ज्याला विचारलं जात नाही, तो बहुधा पुरुष असतो.

तिसरा आक्षेप बायांकडून येतो आणि तो मला सर्वांत जास्त टोचतो. पुरुषांना निदान पानठेला आहे. आम्हाला निंदणाची ओळ, चूल आणि पोरं, आमच्या मैत्रीला वेळ कुठला? खरं आहे. पुरुषाची संध्याकाळ बाईच्या कष्टावर उभी असते. आणि तो गेल्यावर त्याने न सांगितलेलं कर्ज तिच्याच दारात येतं. किती घेतलं, कोणाकडून घेतलं, हे तिला तेराव्यानंतर कळतं. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे यांनी केलं, आणि ‘तेरवं’ या नाटकात त्यांच्यासारख्याच शेतकरी स्त्रिया स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. जे पुरुषांना मित्रांच्या कोंडाळ्यात बोलता आलं नाही, ते या बायांनी पतीच्या मृत्यूनंतर हजारोंसमोर बोलून दाखवलं. पुरुषाने आपल्या मित्राशी बोलावं, हा आग्रह त्यामुळे पुरुषांपुरता राहत नाही. आधी त्याच्या घरच्या बाईला तो हिशेब माहीत असला पाहिजे. मित्राने हेही विचारावं, की ‘वहिनीला सांगितलं का?’

हे विचारायला फार धाडस लागत नाही, पण वेळ साधावी लागते. जूनमध्ये पेरणी उलटली की, ऑक्टोबरात बोंडं किडली की, मार्चअखेर परतफेडीची तारीख आली की मित्राच्या घरी जा. जुन्या गोष्टींवर हसून झालं की विचारा, ‘यंदाचं कसं काय? किती अंगावर आहे?’ तो टाळेल. दोन दिवसांनी पुन्हा विचारा. तालुक्याच्या दवाखान्यात, बँकेत, वकिलाकडे त्याच्यासोबत जा, कारण नोटीस एकट्याने वाचणं आणि दोघांनी वाचणं यात फरक आहे. तो फारच गप्प झाला, हातची कामं सोडू लागला, निरवानिरव केल्यासारखं बोलू लागला, तर त्याला एकटं सोडू नका आणि टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावून द्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि पलीकडून मराठीत बोलतात.